सलीमवर कोण रडले?

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत एक कागद फिरत होता. एका नव्या हिंदी सिनेमात मुसलमानांची बदनामी केली आहे, त्यावर बंदी घालावी, अशी मागणी त्यात होती आणि खाली सह्या होत्या. आम्हीही सही केली. तो सिनेमा आम्ही पाहिलेला नव्हता. ज्यांनी कागद आणला त्यांनीही पाहिलेला नव्हता. सही करून चहा पिताना एका नवीन आलेल्या शिक्षिकेने सहज विचारले, "सर, मग आपली खरी गोष्ट सांगणारा सिनेमा कोणता?"

खोलीत नऊ जण होते. कुणी मेहबूब खानांचे नाव घेतले, कुणी के. आसिफ यांचे. कुणी म्हणाले, तीन खान आहेत की. सईद अख्तर मिर्झा हे नाव एकानेही घेतले नाही. आम्हीही नाही. आम्हाला ते माहीत होते, पण जिभेवर आले नाही. हा लेख त्या न आलेल्या नावाबद्दल आहे.

आम्ही कोण, हे सांगून टाकतो. वय तिशीतले, बी.एड. झालेले, भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, राहतो वळला. घरात कोकणी बोलतो, वर्गात उर्दू, रिक्षात हिंदी आणि तलाठ्याकडे मराठी. वळ, दापोडे, माणकोली, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात जिथे भाताची खाचरे होती तिथे आता पत्र्याच्या गोदामांच्या रांगा आहेत. मुंबईत कुणी मोबाइलवर बोट दाबले की इथल्या एखाद्या गोदामात एक पोरगा खोके उचलतो. त्या पोरांपैकी काही जण दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात होते. म्हणून हा विषय आमच्यासाठी सिनेमाचा शौक म्हणून नाही.

आता या दिग्दर्शकाची थोडी ओळख. सईद मिर्झा १९४३ साली मुंबईत जन्मले. वडील अख्तर मिर्झा हे पटकथालेखक. 'नया दौर' (१९५७) आणि 'वक्त' (१९६५) या सिनेमांच्या कथा त्यांच्या. टांगेवाला आणि मोटार यांची शर्यत आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होती, पण ती एका अख्तर मिर्झांच्या लेखणीतून आली हे कुणाला ठाऊक होते? धाकटे मिर्झा आधी जाहिरातीच्या धंद्यात होते. तो सोडून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९७६ साली बाहेर पडले. त्याच साली 'युक्त' नावाच्या सहकारी संस्थेने तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वर सिनेमा काढला. चार दिग्दर्शकांनी मिळून तो केला, त्या चौघांत सईद मिर्झा होते. म्हणजे या माणसाचे पहिले पाऊल मराठी सिनेमात पडले. मराठी वाङ्मयात मुसलमानाचे स्थान काय, यावर आपण परिसंवाद घेतो. त्या परिसंवादात ही गोष्ट कधी सांगितली गेली का? आमच्या तरी कानावर आली नाही.

पुढे १९७८ साली 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' आला. नायक श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. १९८० साली 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यूं आता है' आला. नायक मोटार दुरुस्त करणारा ख्रिस्ती तरुण. श्रीमंतांच्या गाड्या चालवून पाहताना तो स्वतःलाही त्यांच्यातलाच समजू लागतो. संप करणारे कामगार त्याला गुंड वाटतात. मग गिरणीत काम करणाऱ्या त्याच्या बापालाच संप मोडणारे गुंड मारतात आणि अल्बर्टचा राग जागा बदलतो. हा सिनेमा आल्यानंतर दोनच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्या गिरण्यांचे काम कुठे गेले? भिवंडीच्या यंत्रमागावर आले. आमच्या शहराची भाकरी ज्या उलथापालथीतून आली तिची चाहूल ज्या सिनेमात आहे, तो आमच्या शहराने पाहिला नाही.

१९८४ साली 'मोहन जोशी हाजिर हो' आला. मुंबईच्या चाळीत राहणारे म्हातारे जोडपे मालकावर दावा लावते, की घर दुरुस्त करून द्या. वर्षे जातात, वकील गब्बर होतात, छत तसेच गळत राहते. शेवटी न्यायाधीश पाहणीला येतात तेव्हा मालकाने तात्पुरते टेकू लावून इमारत सजवलेली असते. म्हातारा मोहन जोशी ते टेकू स्वतःच्या हाताने पाडतो आणि छत त्याच्यावर कोसळते. भीष्म साहनींनी ती भूमिका केली होती. भिवंडीत पावसाळ्यात इमारत पडली की आम्हाला तो म्हातारा आठवतो. २०२० च्या सप्टेंबरात पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि झोपेतली माणसे गेली, तेव्हाही आठवला.

इथवर पाहा. देसाई, पिंटो, जोशी. एक व्यापारी, एक ख्रिस्ती, एक चाळीतला म्हातारा. मुसलमान दिग्दर्शकाने आधी शेजाऱ्यांच्या घरात जाऊन त्यांचे दुखणे ऐकले. 'नुक्कड' ही दूरदर्शनची मालिका (१९८६) त्यांनी कुंदन शाह यांच्याबरोबर केली, तिथेही तेच: रस्त्याच्या कोपऱ्यावरची सगळ्या जातिधर्मांची गरीब माणसे. त्यानंतर ते स्वतःच्या मोहल्ल्यात आले. १९८९ साली 'सलीम लंगडे पे मत रो' आणि १९९५ साली 'नसीम'.

सलीम पाशा हा मुंबईच्या मुसलमान वस्तीतला छोटा गुंड. बापाचे काम गेलेले, आई शिलाई करते, घरात लग्नाची बहीण. सलीम ऐटीत चालतो आणि चोऱ्या करतो. बहिणीसाठी अस्लमचे स्थळ येते. अस्लम शिकलेला, उर्दू छापखान्यात प्रूफे तपासणारा, पगार तुटपुंजा. सलीमला तो आधी बावळट वाटतो. पण हाच अस्लम त्याला सांगतो, की आपली दुर्दशा दुसऱ्यांनी केली हे खरे असले तरी शिक्षणाशिवाय यातून वाट नाही. सलीम बदलायचे ठरवतो. बहिणीचे लग्न ठरते. आणि त्याच लग्नात जुन्या वैरातून सलीमचा खून होतो.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यानंतर आमच्या प्रत्येक सभेत, प्रत्येक जलशात सच्चर समितीचे आकडे म्हटले जातात. महाराष्ट्रात मेहमूद-उर-रहमान समिती नेमली गेली, तिनेही २०१३ साली अहवाल दिला. त्याचेही आकडे आम्ही पाठ केले. पण सच्चर समितीच्या सतरा वर्षे आधी पडद्यावर एक प्रूफरीडर तीच गोष्ट साध्या बोलीत सांगून गेला होता. आम्ही उर्दूचे मास्तर. अस्लम आमच्याच बिरादरीचा माणूस. आमच्यावर बेतलेले इतके इमानदार पात्र हिंदी पडद्यावर क्वचितच आले असेल आणि आम्ही त्याला ओळखत नाही.

'नसीम'ची गोष्ट १९९२ च्या जून ते डिसेंबरमध्ये घडते. पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी, तिचे आजारी आजोबा आणि बाहेर दिवसेंदिवस बदलत चाललेली हवा. आजोबा तिला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगतात. मुलगा वैतागून विचारतो, की तेव्हाच पाकिस्तानात का नाही गेलात? आजोबा उत्तरात घरासमोरच्या झाडाची आठवण काढतात, ते तुझ्या आईला फार आवडायचे म्हणतात. आजोबांची भूमिका खुद्द कैफी आझमींनी केली. ६ डिसेंबरला ते आजोबा मरतात. या सिनेमासाठी सईद मिर्झांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेचाही मिळाला.

आणि मग हा माणूस थांबला. त्यांनी सांगितले आहे, की बाबरी मशीद पाडली गेल्यावर त्यांचा धीर सुटला आणि 'नसीम' हा जवळजवळ कबरीवरच्या लेखासारखा होता. त्यानंतर सांगण्यासारखे काही उरले नाही असे त्यांना वाटले. कॅमेरा घेऊन ते देशभर फिरले, साध्या माणसांशी बोलले. २००९ साली 'एक ठो चान्स' केला, तो फारसा कुणापर्यंत पोचला नाही. पुढे पुस्तके लिहिली. २००८ साली आईला लिहिलेल्या पत्राच्या रूपातले 'अम्मी' आले, २०१८ साली विस्मृतीच्या काळातल्या स्मरणाबद्दलचे पुस्तक आले. २०२३ साली केरळातल्या के. आर. नारायणन फिल्म इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. केरळने बोलावले. भिवंडीने कधी बोलावल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आमचा आरोप. आम्ही सिनेमावर रागावतो, पण आमचा राग फक्त दुसऱ्यांच्या सिनेमासाठी राखून ठेवलेला आहे. आम्हाला दहशतवादी दाखवले की आम्ही मोर्चा काढतो. आम्हाला माणूस म्हणून दाखवले की आम्ही तिकीट काढत नाही. २०२४ साली 'हमारे बारह'चे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, काही बदल होऊन सिनेमा लागला. न्यायालयात जाणे चूक नाही, तो नागरिकाचा हक्क आहे. पण निषेधाला जेवढी माणसे आणि जेवढा पैसा आम्ही उभा करतो, त्याचा दहावा हिस्सा तरी स्वतःची गोष्ट सांगण्यावर खर्च केला का?

यावर आम्हाला जी उत्तरे मिळतात ती प्रामाणिकपणे इथे मांडतो.

पहिले उत्तर: सिनेमा आपल्यात बरा मानत नाहीत. ज्यांचा असा पक्का अकीदा आहे आणि जे खरोखरच कोणताही पडदा पाहत नाहीत, त्यांच्याशी आमचा वाद नाही, त्यांचा आम्ही आदर करतो. पण अशी घरे किती? ज्या घरात रात्री बारापर्यंत मोबाइलवर मारामाऱ्या आणि नाचगाणी चालतात, त्या घराने 'नसीम'चे नाव निघताच तोबा करावी, हे आम्हाला पटत नाही.

दुसरे उत्तर: हे मिर्झासाहेब डाव्या विचारांचे, इंग्रजीत लिहिणारे, मुंबईचे. त्यांना आमचे काय कळणार? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. यंत्रमागाची धूळ त्यांच्या फुप्फुसात गेलेली नाही. सलीमची वस्ती त्यांनी बाहेरून आत येऊन पाहिली आहे. पण मग आतले कोण बोलले? कुणाची गोष्ट सांगायला त्याच्याच घरात जन्म घ्यावा लागत असेल, तर आम्ही जन्मलो आहोत, आम्ही सांगावी. आम्ही गप्प राहणार आणि जो बोलला त्याचे कूळ तपासणार, हा न्याय कुठला?

तिसरे उत्तर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे: "सलीम पण गुंडच ना? मग फरक काय?" फरक आहे, सर. दुसऱ्यांच्या सिनेमातल्या मुसलमान गुंडाला आई नसते. त्याला बहिणीच्या लग्नाची काळजी नसते, बापाचे काम सुटलेले नसते. तो मारण्यासाठी आणि मरण्यासाठी पडद्यावर येतो. सलीम मरतो तेव्हा आपल्याला कळते, की त्याच्या जागी कोण असू शकला असता. इज्जत राखायची म्हणून आपल्या वस्तीतले सलीम झाकून ठेवले, तर ते बरे होत नाहीत. झाकलेली जखम चिघळते, हे आमच्या नानीलाही कळत होते.

चौथे उत्तर खरे आहे आणि ते आम्ही मान्य करतो. हे सिनेमे सरकारी पैशाने, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या मदतीने झाले. सरकारने ते काढले, बक्षिसे दिली आणि कपाटात ठेवले. आमच्या गावापर्यंत ते आलेच नाहीत. भिवंडीत 'नसीम' लागल्याचे आम्ही विचारलेल्या एकाही वडीलधाऱ्याला आठवत नाही. तेव्हाचा दोष आमचा एकट्याचा नाही. पण आज तर पडदा खिशात आहे. आज कोणते कारण सांगणार?

मालेगावकडे पाहा. तेही आमच्यासारखेच यंत्रमागाचे, आमच्यासारखेच दंगलींनी बदनाम केलेले शहर. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने गावातलीच माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' काढला, पुढे 'सुपरमॅन' काढला. फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा मोठा सिनेमाही आला. मालेगावचा तो सुपरमॅन मागावर काम करणारा शफीक होता, पुढे तो कर्करोगाने गेला. शहरातले लोक त्या सिनेमांवर हसतात. हसू द्या. त्यांनी स्वतःचे हसू स्वतः तरी काढले. भिवंडी मुंबईला चिकटून आहे. आमच्याकडे काय आहे?

आमच्याकडे गोष्ट तर अशी आहे, की ती जगाला सांगावी. ७ मे १९७० ला भिवंडीत दंगल झाली, तिच्यावर न्यायमूर्ती मादोन आयोगाने लिहिले. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा झाली. देशात 'भिवंडी' म्हणजे दंगल असे समीकरण बसले. आणि १९९२-९३ च्या हिवाळ्यात मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी आधीच्या वर्षांत मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. दोन्ही समाजांतले मागवाले, दुकानदार, मास्तर एका सतरंजीवर बसायला शिकले होते. मुंबईत जे घडले त्यावर श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला, सिनेमे आले, कादंबऱ्या आल्या. भिवंडीत जे घडले नाही, त्यावर खोपडे यांनी स्वतः पुस्तक लिहिले. ज्यांनी रात्री जागून मोहल्ला सांभाळला त्यांच्या नातवंडांनी काय लिहिले?

या प्रश्नापाशी आमचा रोख आपल्याच लेखकांकडे वळतो, म्हणजे या अंकात लिहिणाऱ्यांकडे आणि वाचणाऱ्यांकडे. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपण कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, आत्मचरित्रे लिहिली. हमीद दलवाईंच्या 'इंधन'पासून आपल्याकडे गावगाड्यातल्या मुसलमानाची मराठी गोष्ट आहे. तरी पटकथा हा प्रकार आपण हातात घेतला नाही. मराठी सिनेमात मुसलमान अजूनही बहुधा मोडके हिंदी बोलत येतो, एक इमानी वाक्य टाकतो आणि जातो. आमच्या घरात आई कोकणीत रागावते, हे मराठी प्रेक्षकाला कोण सांगणार? मराठी दिग्दर्शकांनी विचारले नाही, ही तक्रार खरी. आम्ही लिहून नेले नाही, हेही तितकेच खरे.

आणि ही तक्रार वाङ्मयापुरती नाही. गेल्या वर्षी नववीतला एक मुलगा शाळेत येईनासा झाला. घरी गेलो. आई म्हणाली, गोदामात लागला, रात्रपाळी आहे. मुलगा उठून आला, डोळे लाल. आम्ही समजावले. तो म्हणाला, "सर, पढके आप को क्या मिला, वो भी बताओ ना." आम्ही कंत्राटी असताना किती पगार घेत होतो हे त्याला माहीत होते. आमच्याजवळ उत्तर नव्हते. अस्लमजवळ होते. तुटपुंज्या पगारात ताठ उभा राहिलेला तो प्रूफरीडर त्या मुलाने एकदा पाहिला असता, तर तो शाळेत परत आला असता असा दावा आम्ही करणार नाही. सिनेमा एवढे करत नाही. पण गोदाम आणि गुंडगिरी यांच्याशिवाय तिसरा एक माणूसही असतो आणि तो आपल्यासारखा दिसतो, हे त्याने पाहिले असते.

म्हणून आम्ही शाळेत 'नसीम' दाखवायची परवानगी मागितली. "विषय नाजूक आहे," असे उत्तर आले. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारले, पुन्हा तेच. मग एका रविवारी वळला आमच्या घरी, पालकांना विचारून, दहावीच्या सात मुलींना बोलावले. टीव्हीला मोबाइल जोडला. अम्मीने पोहे केले. पहिला अर्धा तास मुली कंटाळल्या, एक तर उघड जांभया देत होती. आजोबा गेले तेव्हा कुणी काही बोलले नाही. मग जांभया देणारीनेच विचारले, "सर, तेव्हा आपल्या भिवंडीत काय झालं होतं?"

अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सगळे आठवत होते. रात्री कोण कुठे बसायचे, कुणाच्या घरून चहा यायचा, कोणती अफवा कुणी खोटी पाडली, ती अर्धा तास सांगत राहिली. आमचे वय तिशी ओलांडून गेले आणि हे सारे आम्ही तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते.

ज्या मुलीने विचारले तिने ते वहीत लिहून घेतले. आमची वाचकांना विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी निषेधाचा कागद फिरत आला, तर खुशाल सही करा. पण त्याच दिवशी 'सलीम' किंवा 'नसीम' घरात लावा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा. सईद मिर्झा आता ऐंशी पार केलेले आहेत. त्यांनी आमच्या वाटचे दोन सिनेमे करून ठेवले. तिसरा त्यांनी करावा अशी अपेक्षा धरण्याचा हक्क आम्ही गमावला आहे. तो आता आम्हाला करायचा आहे.